तंजावरात केबल विसरल्यावर

सिनेमाचं शूटिंग बघायला जमणारी गर्दी नेहमी चुकीच्या जागी जमते. ती हिरोभोवती उभी राहते, क्रेनभोवती उभी राहते, फार तर व्हॅनिटी व्हॅनच्या दाराशी ताटकळते. वास्तविक त्या दिवशीच्या सिनेमाचं नशीब ठरतं रात्री अकराच्या सुमाराला, लॉजच्या खोलीत, पलंगाच्या कडेवर लॅपटॉप टेकवून बसलेल्या एका इसमाच्या हातून. युनिटात त्याला कुणी डीआयटी म्हणतं, कुणी ‘डेटावाला’, आणि जेवणाची पाकिटं वाटणारा मुलगा त्याला बहुधा ओळखतच नाही. कॅमेऱ्यातून निघालेली ड्राइव्ह संगणकाला जोडायची, तिच्यातल्या फायली दोन-तीन डिस्कांवर उतरवायच्या आणि मग ती पुसून सकाळी कॅमेऱ्याला परत द्यायची, एवढंच त्याचं काम. यातलं पुसण्याचं काम कुणालाही जमतं, आणि या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका तोच आहे. माझं म्हणणं असं, की कुठलाही मजकूर टिकतो तो भक्कम वस्तूवर ठेवला म्हणून नव्हे. कुणीतरी तो वेळेवर उतरवून घेतो, उतरवलेलं मुळाशी ताडून बघतो आणि पुढच्याला वाचता येईल अशा रीतीनं हवाली करतो, म्हणून टिकतो. हे पटवून द्यायला मुंबईतल्या एडिटिंगच्या वातानुकूलित खोलीपेक्षा तंजावर बरं. तिथं हजार वर्षांचं फुटेज पडून आहे: दगडावर, ताडपत्रांवर, भिंतीच्या गिलाव्यावर, मोडीच्या रुमालांत. त्यातलं काय वाचलं, काय बुडालं आणि कशापायी, याचा निकालही लागून गेलेला आहे. शिवाय कॉफी चांगली मिळते.

आधी ही ड्राइव्ह काय चीज असते ते बघू. २००७ साली रेड वन हा कॅमेरा आला आणि फिल्मचे डबे वाहणाऱ्या युनिटांच्या हातात हार्ड डिस्क पडली. तमिळ निर्मात्यांनी तो फार लवकर हाताळला. ‘अच्चमुंडु अच्चमुंडु’ आणि ‘उन्नैपोल ओरुवन’ हे २००९ सालचे चित्रपट त्याच कॅमेऱ्यावरचे. या कॅमेऱ्याची रेड ड्राइव्ह म्हणजे एका डबीत कोंबलेल्या दोन छोट्या, फिरत्या डिस्का. दोन्ही मिळून ३२० गिगाबाइट. वेग मिळावा म्हणून प्रत्येक फायलीचे तुकडे करून ते दोन्ही डिस्कांवर वाटून लिहायचे, अशी तिची पद्धत. फायदा असा, की दोन हात एकाच वेळी लिहितात. तोटा असा, की दोघांतला एक गेला तर दुसऱ्याजवळ उरलेलं निम्मं कुणाच्याच उपयोगाचं नाही. एकत्र कुटुंबाची मिळकत अशी वाटून ठेवायची, की एका भावाकडे सगळ्या कुलपांच्या किल्ल्या आणि दुसऱ्याकडे सगळी कुलपं, तसा हा प्रकार. त्यात या डिस्का फिरत्या असल्यामुळे हादऱ्याला आणि मोठ्या आवाजाला बिचकत. लिहिता लिहिता मधल्या एखाद-दोन फ्रेम गाळत. ज्या मुलखात नागस्वरम आणि तविल यांच्याशिवाय साधं लग्न लागत नाही, त्या मुलखात आवाजाला घाबरणारी वही घेऊन जायचं म्हणजे धाडसच. पुढे फिरत्या डिस्कांच्या जागी न फिरणाऱ्या एसएसडी आल्या, तविलचा प्रश्न मिटला, आणि केबलचा उरला.

केबलचा प्रश्न मात्र बारकाईनं पाहण्याजोगा आहे. रेड ड्राइव्ह संगणकाला जोडायची तर फायरवायर ८००, नाहीतर यूएसबी २. फायरवायरनं ती भरलेली डबी तासा-सव्वातासात रिकामी होई. यूएसबी २ ची जाहिरातीतली गती सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात पदरात पडायचे सेकंदाला तीसेक मेगाबाइट. त्या हिशेबानं ३२० गिगाबाइट उतरवायला जवळपास तीन तास लागणार. म्हणजे जेवढा वेळ शूट करायला लागला, जवळजवळ तेवढाच ते कॅमेऱ्यातून बाहेर काढायला. पाहुण्यांना जेवायला लागतो तेवढाच वेळ त्यांना फाटकापर्यंत पोचवायला लागतो, हे मराठी घराला नवं नाही. पण दिग्दर्शकाला नवं असतं. तो दर वीस मिनिटांनी विचारतो, ‘‘झालं का डम्प?’’ आणि पडद्यावरची पट्टी कधी ‘दोन मिनिटं शिल्लक’ दाखवते, कधी ‘चार तास’, आणि दोन्ही वेळा सारख्याच आत्मविश्वासानं दाखवते. बरं, केबल चेन्नईला राहिली तर तंजावरात काय मिळेल? मान डोलावणाऱ्या बाहुल्या मिळतील, सोन्याच्या वर्खाची चित्रं मिळतील, फणसाच्या लाकडाची उत्तम वीणा मिळेल. नऊ पिनांची फायरवायर केबल मिळेल, अशी आशा कुणी धरू नये. आज तर ती मिळूनही भागणार नाही. मॅकवरून फायरवायरचं भोक केव्हाच बुजलं होतं. मग एका अडॅप्टरला दुसरा, दुसऱ्याला तिसरा लावून लोक दिवस काढत होते. २०२५ साली आलेल्या मॅकच्या नव्या प्रणालीनं तीही वाट बंद केली. डबी शाबूत, आतला मजकूर शाबूत, गेलं ते फक्त मधलं वीतभर तारेचं अंतर. माझ्या म्हणण्याचा हा पहिला पुरावा: वस्तू मरायच्या आधी तिची जोडणी मरते.

समजा केबलही मिळाली, ड्राइव्ह लावली, आणि पडद्यावर एक चौकट उगवली: ही डिस्क या संगणकाला वाचता येत नाही. खाली तीन बटणं. एक म्हणतं डिस्क नव्यानं मांडून घ्या, दुसरं म्हणतं दुर्लक्ष करा, तिसरं म्हणतं बाहेर काढा. ‘आधी वाचायची सोय करा’ असं चौथं बटण नसतं. आरीच्या कॅमेऱ्यांत चालणाऱ्या कोडेक्सच्या ड्राइव्हसाठी आधी ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर घालावं लागतं. ते नसेल तर अख्ख्या दिवसाची मेहनत संगणकाच्या लेखी कोरी पाटी. अनोळखी लिपी दिसली की ती पुसून टाकावी, असा सल्ला संगणकाच्या आधी माणसांनीही भरपूर पाळलेला आहे. कुंभकोणमच्या कॉलेजात १८८० पासून तमिळ शिकवणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर जुन्या ग्रंथांच्या शोधात गावोगाव फिरले, तेव्हा त्यांना ठिकठिकाणी हीच हकीकत ऐकू आली. घरात ताडपत्रांचा भारा होता, कुणाला वाचता येत नव्हता, म्हणून आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीला पूर आला तेव्हा भक्तिभावानं सोडून दिला. इथं कुणाला पुस्तकांचं वैर नव्हतं. उलट श्रद्धा होती, हळदकुंकू होतं, फक्त वाचणारा नव्हता. तीन बटणांतलं पहिलं बटण दाबलं गेलं, एवढंच.

याच अय्यरांनी दुसरी बाजूही दाखवून दिली. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनं अक्षर कोरताना टिंब दिलं तर पान भोक पडून फाटतं, म्हणून लेखक तमिळ अक्षरांवरची टिंबं सर्रास गाळत. ऱ्हस्व-दीर्घाचे काही भेदही त्याच काटकसरीत जात. आजच्या भाषेत याला मजकूर दाबून लहान करणं म्हणतात, आणि महागड्या कॅमेऱ्यांच्या फायलींतही तेच चाललेलं असतं. गाळलेलं परत भरून काढण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर. शिवाय ताडपत्र काही शतकांत ठिसूळ होतं, तेव्हा नवी नक्कल करणं भाग. नक्कल करणारा झोपेत ओळ सोडतो, पुढचा नक्कल करणारा ती सुटलेली ओळ इमानानं सोडतो. अय्यरांनी यावर केलं काय, तर एकाच ग्रंथाच्या जमतील तेवढ्या प्रती जमवल्या, ओळीला ओळ लावून ताडल्या आणि १८८७ साली ‘जीवक चिंतामणी’ छापून काढली. कॅमेऱ्याच्या फायली उतरवणारी चांगली सॉफ्टवेअरं हेच करतात. फाइल वाचून तिच्यावरून ठरावीक लांबीचा एक आकडा काढतात. एमडी५ पद्धतीत तो ३२ चिन्हांचा येतो. मग उतरवलेली प्रत पुन्हा वाचून तोच आकडा येतो का पाहतात. मुळात एक बिट इकडचा तिकडे झाला तरी आकडा ओळखू येणार नाही इतका बदलतो. माउसनं फोल्डर ओढून दुसऱ्या डिस्कवर टाकलं की असं काहीही होत नाही. फाइल पोचली, असं संगणक सांगतो. कुठल्या अवस्थेत पोचली, ते विचारलं नाही तर सांगत नाही. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक हात झटकून मोकळे होत, की दिसलं तसं उतरवलं, चुकीचा दोष आमचा नाही. आणि पोथीला तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून जपा. सॉफ्टवेअरच्या करारपत्रातही नेमकं हेच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचल्याची खूण आपण न वाचता करतो. सैल बांधणीचा इशारा मात्र यूएसबीच्या भोकांपाशी कुणीतरी रंगवून घ्यायला हवा.

आता नावांकडे येऊ, कारण फायली हरवतात त्या बहुतेक चोरी होऊन नाही, नाव बदलून. रेडच्या फायलीचं नाव ‘ए००१_सी००३_०९१५एक्सवाय_००१’ असं काहीतरी असतं. ए म्हणजे पहिला कॅमेरा, ००१ म्हणजे पहिली डबी, सी००३ म्हणजे तिसरा शॉट, मग महिना आणि दिवस, मग दोन मनमानी अक्षरं, आणि शेवटी तुकड्याचा क्रमांक. कारण जुन्या धाटणीच्या डिस्कवर चार गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही, म्हणून एक शॉट अनेक तुकड्यांत कापला जातो. हे नाव कुरूप आहे आणि म्हणूनच बहुमोल आहे. हौशी असिस्टंटला ते बघवत नाही. तो ‘मोठं देऊळ सकाळ फायनल’ असं सुंदर नाव देतो, दुसऱ्या दिवशी ‘फायनल २’ होतं, आणि एडिटिंगच्या टेबलावर संगणक मूळ नावानं हाका मारत बसतो.

राजराज चोळाच्या कारकुनांना हे शिकवावं लागलं नसतं. १०१० साली पुऱ्या झालेल्या बृहदीश्वराच्या देवळात एक शिलालेख आहे. देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून तंजावरला आणलेल्या चारशे नर्तकींची त्यात यादी आहे. नुसती नावं नाहीत. कुठली गल्ली, त्या गल्लीतली दक्षिणेची रांग की उत्तरेची, रांगेतलं कितवं घर, बाईचं नाव आणि ती मूळ कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आली ते. म्हणजे कुठून उचललं आणि कुठं ठेवलं, दोन्ही टोकांच्या पत्त्यांसह बदलीची नोंद. फोल्डराच्या आत फोल्डर, त्याच्या आत क्रमांक. इतकंच नाही, एखादी वारली किंवा निघून गेली तर तिचा वाटा आणि काम जवळच्या नातेवाइकानं घ्यावं, तो लायक नसेल तर लायक माणूस निवडावा, अशी सोयही दगडात कोरलेली. आजच्या भाषेत याला बॅकअप म्हणतात आणि निर्माते त्याला खर्च म्हणतात. दागिन्यांच्या यादीत तर आणखी कसून काम आहे. सोन्याचा नग ‘आडवल्लान’ नावाच्या प्रमाण वजनानं तोललेला, आणि दोरा-लाख धरून की वगळून तेही नमूद. देतानाचं वजन आणि पुढे तपासतानाचं वजन जुळलं पाहिजे, मधल्या पुजाऱ्याच्या चेहऱ्यावरून काही ठरवायचं नाही, हा यामागचा विचार. आणि फायलींचे आकडे जुळवण्यामागेही याहून वेगळा विचार नाही. हे सगळं राजराजाच्या हुकमानं कोरलं गेलं: आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीनं दिलेलं, आमच्या राण्यांनी आणि इतरांनी दिलेलं दगडावर उतरवा. थोरल्या बहिणीचं नाव राण्यांच्या आधी आहे, यावरून त्या घरात कुणाचं चालत होतं तेही सुरक्षित राहिलं.

इथं कुणीही शहाणा वाचक हात वर करणार. दगड टिकलाच ना? हजार वर्षं ना केबल, ना नक्कल, ना आकडा. मग भक्कम वस्तूचा एवढा तिरस्कार कशाला? आक्षेप वजनदार आहे, ग्रॅनाइटचाच आहे. पण त्याच देवळाची पुढची हकीकत तो ऐकून घेत नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे देऊळ कुणी बांधलं याचा खुद्द तंजावरात कुणाला पत्ता नव्हता. स्थलपुराण करिकाल चोळाचं नाव सांगे, विद्वान आपापल्या अंदाजानं आणखी कुणाचं. उत्तर तर भिंतभर लिहिलेलं होतं, लोक त्याला पाठ टेकून बसत होते. १८८६ साली मद्रास सरकारचे लेखतज्ज्ञ म्हणून आलेल्या युजेन हुल्ट्श यांनी ते लेख वाचले, तेव्हा राजराजाला त्याचं देऊळ परत मिळालं. असे लेख वाचतात कसे, तर ओला कागद दगडावर थापून, कुंच्यानं ठोकून, शाई लावून ठसा घेतात आणि तो ठसा टेबलावर नेऊन बसतात. म्हणजे दगडाचंही शेवटी डम्पच घ्यावं लागलं. वाचणारा नसताना ती भिंत आणि केबल नसलेली डबी यांत फरक इतकाच, की भिंतीवर चुकून कॉफी सांडली तरी चालते.

हुल्ट्श लांबचे, आपलं काय? त्याच देवळाच्या प्राकारात नैर्ऋत्येच्या बाजूला भिंतींवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेवरून बाबूरावांनी रचलेला, मराठीत, देवनागरीत, आणि मराठीतल्या सगळ्यात मोठ्या शिलालेखांत गणला जाणारा. महाराष्ट्रातून गेलेली पर्यटकांची बस देवळात दोन तास असते. त्यातला दीड तास नंदीसमोर फोटो काढण्यात आणि उरलेला शिखराची सावली जमिनीवर पडते की नाही या वादात जातो, ती पडते. स्वतःच्या लिपीत, स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या मजकुराजवळून माणसं चपला शोधत निघून जातात. इथं केबलही आहे, सॉफ्टवेअरही आहे, फक्त ड्राइव्ह जोडायची राहते. मोडीचं तर विचारूच नका. तंजावरच्या मराठी राज्याच्या दप्तराचे शेकडो रुमाल मोडीत आहेत: खर्चवेच, नेमणुका, नाटकशाळेचे पगार. त्यांतल्या निवडक कागदांच्या भाषांतराचे खंड तंजावरच्याच तमिळ विद्यापीठानं छापले, तमिळमध्ये. मराठी राजाचा मराठी हिशेब आज तमिळ वाचकाला सहज कळतो आणि पुण्याच्या वाचकाला त्यासाठी आधी तमिळ शिकावं लागेल, किंवा मोडी. दोन्ही वर्ग सुट्टीत असतात.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. पुसलं तरी परत काढता येतं, रिकव्हरी नावाची सोय आहे. तंजावरात याचा जगप्रसिद्ध पुरावाही आहे. देवळाच्या गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या वाटेत नायक राजांच्या काळातली भित्तिचित्रं होती. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठाच्या एस. के. गोविंदस्वामींना त्यांच्या खाली दुसरी चित्रं सापडली: नऊशे वर्षं जुनी, थेट चोळांच्या वेळची. नायकांनी जुन्या चित्रांवर नवा गिलावा देऊन नवी चित्रं काढली होती. भरलेलं कार्ड रिकामं समजून त्यावर शूट केलं, असं म्हणा. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी वरचा थर अलगद सोलून वेगळ्या पाटीवर चढवला आणि खालचा मोकळा केला, दोन्ही वाचवले. अप्रतिम काम. पण यावरून भरवसा बांधायचा तर नायकांचा स्वभाव लक्षात घ्यावा लागेल. त्यांनी खालचं खरवडलं नाही, वर फक्त लिंपलं. जुनी फिरती डिस्क बरीचशी अशीच वागायची. पुसलं म्हटलं तरी मजकूर जागच्या जागी असायचा, फक्त वरची यादी कोरी व्हायची. एसएसडी हा कर्तव्यदक्ष प्राणी आहे. पुसलं म्हटलं की मोकळ्या झालेल्या जागा तो मागच्या मागे खरोखर साफ करून ठेवायला लागतो, म्हणजे पुढचं लिहिणं झपाट्यानं व्हावं. गोविंदस्वामी दिवा घेऊन पोचेपर्यंत तिथं भिंतच नसते. म्हणून शहाण्या युनिटात भरलेल्या डबीवर लाल पट्टी लावतात, फॉरमॅट मारलेल्या डबीवर हिरवी, आणि फॉरमॅट फक्त एकाच माणसानं मारायचा असा कडक नियम असतो. रात्री दोन वाजता लाल पट्टी संपते आणि कुणीतरी हिरव्यावर पेनानं ‘लाल’ लिहितो, हा भाग नियमात नसतो.

मग फिल्मच बरी होती, असं म्हणणारे ज्येष्ठ सिनेमावाले उरतात. त्यांच्या बाजूनंही पुरावा आहे. अमेरिकेच्या ऑस्करवाल्या अकादमीनं २००७ साली हिशेब मांडला: एका चित्रपटाची मूळ फिल्म सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, तीच गोष्ट डिजिटल स्वरूपात १२,५१४ डॉलर. कारण फिल्म थंड खोलीत ठेवून विसरता येते, आणि डिजिटल फायलींचं बिऱ्हाड दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलवावं लागतं. पण विसरता येण्याची किंमत आपल्याकडे कुणी मोजली का? पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’, १९३१ सालचा. आज एक फूटही शिल्लक नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची थोडी रिळं उरली. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी रिळं गेली. नायट्रेट हा पदार्थच असा, की तो पेटायला निमित्त शोधत असतो. ज्यांच्या प्रती आधी सुरक्षित फिल्मवर उतरवून झाल्या होत्या, ते चित्रपट आज बघता येतात. बाकीच्यांची नुसती माहितीपत्रकं. हिशेब फिरून तिथंच आला.

‘‘इंटरनेट आहे ना, क्लाउडवर टाका,’’ हा सगळ्यात आधुनिक आणि सगळ्यात कमी गुणिले-भागिले केलेला आक्षेप. आलेक्सा मिनी एलएफ कॅमेऱ्यावर पूर्ण चौकट घेऊन काहीही न दाबता शूट केलं, तर एक टेराबाइट अर्ध्या-पाऊण तासात भरतं. सेकंदाला १०० मेगाबिट अशी, आणि रात्रभर न तुटणारी, अपलोडची लाइन लॉजवर आहे असं मानू. विनोदी लेखात एवढी सूट असावी. तरी तेवढं एक टेराबाइट वर चढायला बावीस तास लागतील. तोवर दुसऱ्या दिवसाचं शूट होऊन गेलेलं. त्याऐवजी दहा टेराबाइटच्या डिस्का पिशवीत घालून एका मुलाला रात्रीच्या उळवन एक्स्प्रेसनं चेन्नई एग्मोरला पाठवला, आणि प्रवासाला आठ तास धरले, तर सेकंदाला पावणेतीन गिगाबिटांहून अधिक वेग पडतो, तोही स्लीपरच्या तिकिटात. वाटेत विळुप्पुरमला तो चहा प्यायला उतरला तर वेग शून्यावर येतो, हा धोका आहे. म्हणून पिशवी एक आणि प्रती दोन, आणि दुसरी प्रत त्याच गाडीनं न्यायची नाही. सरफोजी राजे १८२० च्या सुमाराला काशीयात्रेला गेले, तेव्हा त्यांनीही गंगाजलावर भागवलं नाही. ठिकठिकाणचे ग्रंथ विकत घेतले, विकत मिळाले नाहीत त्यांच्या पंडित बसवून नकला करवल्या आणि सगळा ऐवज तंजावरला आणला. सरस्वती महालात आज पन्नास हजारांच्या घरात हस्तलिखितं आहेत. कुठल्या ग्रंथाची मूळ प्रत पुढे काशीत राहिली की वाळवीनं खाल्ली, याची तंजावरच्या वाचकाला चिंता करावी लागत नाही.

शेवटचा आक्षेप लाइन प्रोड्युसरचा, आणि तो आक्षेप नसून सही न करणं असतं. तीन प्रती कशाला, दोन पुरेत. दोन कशाला, एक चांगल्या कंपनीची घ्या. आणि हा डेटावाला दिवसभर काय करतो? शेवटचा प्रश्न रास्त वाटतो, कारण त्याचं काम नीट झालं तर घडत काहीच नाही. राजराजाच्या कचेरीला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. नर्तकी, नृत्य शिकवणारे नट्टुवन, वादक यांचे वाटे लिहिलेल्या त्याच यादीत हिशेब ठेवणाऱ्या कारकुनांचेही वाटे भाताच्या मापात ठरवून दिलेले आहेत, दिवे लावणाऱ्यांच्या आणि पाणी शिंपणाऱ्यांच्या जोडीनं. आजच्या सिनेमात याच माणसाचं नाव शेवटच्या नामावळीत येतं, जनरेटरवाल्यांच्या नंतर आणि आभारांच्या आधी, आणि तोवर थिएटरात दिवे लागून झाडूवाले पहिल्या रांगेपर्यंत आलेले असतात. बहुतेक वेळा त्यात स्पेलिंगची एक चूकही असते, कारण नामावळीची फाइल कुणी मुळाशी ताडून पाहिलेली नसते.